रंगकामानंतर दार लागत नाही? रंध्याआधी फट मोजा

बंगळुरूतल्या मराठी घरांत रंगकामाचा हंगाम जवळजवळ ठरलेला असतो. गौरी-गणपतीच्या आधी किंवा दसरा-दिवाळीच्या तोंडावर रंगारी येतात. भिंतींचे काम चालूच आहे तर लाकडी कपाटे, फडताळे आणि स्वयंपाकघरातल्या कप्प्यांची दारेही रंगवून घेऊ, असे घरात ठरते. आठ-दहा दिवसांनी तक्रारी सुरू होतात. कपाटाचे दार चौकटीला घासते, दोन झडपा एकमेकींवर चढतात, लावलेले दार आपसूक उघडते, नाहीतर असे घट्ट बसते की ओढताना रंगाचा पापुद्राच निघून येतो. मग सुताराला बोलावले जाते. तो दार उतरवतो, कडेवर चार-सहा वेळा रंधा मारतो आणि दार पुन्हा बसवतो. दार लागते, सगळे समाधानी होतात. पण मार्च उजाडला की त्याच दाराच्या कडेला आतले कपडे दिसतील एवढी फट पडलेली असते.

रंगानंतर दार न लागण्यामागे साधारण पाच कारणे असतात : रंगाची जाडी, रंगाचा कच्चेपणा, बिजागरी, कपाटाची बैठक आणि लाकडाने हवेतून ओढलेला ओलावा. यांपैकी पहिल्या चार कारणांत लाकूड तासण्याची गरजच नसते, पाचव्यात ती क्वचित पडते. प्रत्येक कारणाची खूण वेगळी असते आणि ती ओळखायला फार तर अर्धा तास लागतो.

रंग किती जागा खातो?

रंगाचा एक हात वाळल्यावर फार पातळ असतो. ऑइल पेंटचा एक हात साधारण २५ ते ४० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पंचविसावा ते चाळिसावा भाग भरतो. पण काम एका हातावर संपत नाही. आधी प्रायमर, मग लांबी (पुट्टी), तिच्यावर घासकाम आणि शेवटी रंगाचे दोन हात. कडेवर लांबी जरा सढळ लागली, तर एका पृष्ठभागावर ०.२ मिलिमीटरचा थर सहज चढतो.

आता दोन झडपांचे कपाट डोळ्यांसमोर आणा. दारे चौकटीच्या आत बसणारी आहेत. डावीकडून उजवीकडे मोजत गेलो तर चौकटीची डावी बाजू, डाव्या झडपेच्या दोन कडा, उजव्या झडपेच्या दोन कडा आणि चौकटीची उजवी बाजू असे सहा रंगीत पृष्ठभाग लागतात. प्रत्येकावर ०.२ म्हणजे एकूण १.२ मिलिमीटर. अशा कपाटात सुताराने तीन उभ्या फटी ठेवलेल्या असतात. एकेक दोन मिलिमीटरची धरली, तर एकूण मोकळी जागा सहा मिलिमीटर. एका रंगकामाने तिचा पाचवा हिस्सा खाल्ला. जुना रंग न खरवडता दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा रंग दिला, तर निम्म्याहून जास्त जागा नुसत्या रंगाने भरते. म्हणूनच नव्या कपाटाचे पहिले रंगकाम सहसा निभावते आणि तक्रार दुसऱ्या-तिसऱ्या वेळी येते. १८९८ च्या प्लेगच्या काळात बंगळुरूत ज्या वसाहती वाढल्या, त्या मल्लेश्वरम आणि बसवनगुडीतल्या जुन्या घरांची सागवानी फडताळे कित्येक थर अंगावर घेऊन उभी आहेत. तिथे तर कडेचा मूळ कोनही रंगाखाली गोल झालेला असतो.

बंगळुरूची हवा आणि लाकडाची रुंदी

लाकूड तोडून, वाळवून, कपाट करून पन्नास वर्षे झाली तरी त्याची हवेशी देवाणघेवाण थांबत नाही. हवा दमट झाली की ते ओलावा घेऊन फुगते, कोरडी झाली की ओलावा सोडून आकसते. हे फुगणे सगळीकडे सारखे नसते. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ते नगण्य असते. रुंदीत ते जाणवते, आणि त्यातही वार्षिक वलयांना समांतर दिशेने ते वलयांना छेदणाऱ्या दिशेच्या जवळजवळ दुप्पट असते. त्यामुळे दार उंचीला वाढत नाही, रुंदीला वाढते.

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. इथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस संपतो न संपतो तोच ऑक्टोबरात ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे या शहराचे सर्वांत पावसाळी महिने, तर मार्चच्या दुपारी हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास उतरते. घरातल्या लाकडातला ओलावा त्यामुळे उन्हाळ्यात ८ टक्क्यांच्या आणि पावसाळ्यात १४ टक्क्यांच्या आसपास राहतो असे धरता येते. ओलावा एका टक्क्याने वाढला की सागवान वलयांच्या दिशेने जवळपास ०.१९ टक्के फुगते. लाकडांमध्ये हा आकडा कमीच मानला जातो, म्हणून तर दारांसाठी सागवानाला मान आहे. तरीही ७५ मिलिमीटर रुंदीची एक उभी पट्टी सहा टक्के ओलाव्याने सुमारे ०.८५ मिलिमीटर रुंद होते. दोन झडपांच्या चार उभ्या पट्ट्यांचे मिळून तीन मिलिमीटरहून जास्त.

आता दोन्ही आकडे एकत्र मांडा. सहा मिलिमीटरच्या जागेत पावसाळ्याचे तीन-साडेतीन आणि एका रंगकामाचे १.२. दुसऱ्या रंगकामाला हिशेब काठावर येतो, तिसऱ्याला दार अडते. सण पावसाळ्याच्या शेवटी येतात आणि रंगही तेव्हाच दिला जातो, म्हणून रंगाची जाडी आणि लाकडाची फूग एकाच महिन्यात गाठ घेतात. दोष एकट्या रंगाच्या माथी मारला जातो, पण त्यातला मोठा वाटा पावसाचा असतो आणि तो जानेवारीपर्यंत आपोआप ओसरतो.

रंग दिला म्हणजे लाकूड बंद झाले, आता ते फुगणार नाही, हा समज खोटा आहे. रंग ओलाव्याची ये-जा हळू करतो, थांबवत नाही. पण रंगवायचे राहून गेलेले पृष्ठभाग मोठा घोटाळा करतात. दाराची बाहेरची बाजू रंगवली आणि आतली कोरी ठेवली, तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेगाने ओलावा घेतात आणि दार वाकते. अशा दाराचा एक कोपरा चौकटीला टेकतो आणि दुसरा पुढे राहतो. इलाज रंध्याचा नाही. आतली बाजू, वरची कड आणि खालची कड यांनाही तेवढेच हात द्यायचे आणि दाराला सावरायला काही आठवडे द्यायचे. खालची कड तर बहुतेक घरांत कोरीच असते, आणि फरशी पुसताना रोज तीच पाणी पिते.

दिल्ह्याच्या दारात आणखी एक गोष्ट घडते. मधला रुंद दिल्हा चौकटीच्या खाचेत मुद्दाम सैल बसवलेला असतो, म्हणजे तो फुगला तरी पट्ट्यांना ढकलत नाही. रंगारी देखणेपणासाठी ती खाच लांबीने भरून टाकतो. मग दिल्ह्याला सरकायला जागा उरत नाही. तो फुगला की पट्ट्यांचे सांधे उघडतात आणि सगळे दार रुंद होते. सांध्यावर रंगाला बारीक चीर गेलेली दिसली, तर खाचेतली लांबी पातळ सुरीने मोकळी करा.

प्लायवूडची गोष्ट वेगळी आहे. त्यात लाकडाचे पातळ पापुद्रे एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे ते रुंदीला फारसे वाढत नाही. प्लायवूडचे दार रंगानंतर अडले, तर पावसाला दोष देऊ नका, बिजागरी आणि रंगाची जाडी तपासा. एमडीएफचे दार मात्र उघड्या कडेतून पाणी प्यायले की कडेला जाड होते, आणि ही जाडी वाळल्यावरही पूर्ण उतरत नाही.

लाकडाच्या या वागण्याचा अभ्यास करणारी देशातली एक प्रमुख संस्था बंगळुरूतच आहे. मल्लेश्वरममधली लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्था १९३८ मध्ये वन संशोधन प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली आणि १९८८ मध्ये तिला आजचे रूप मिळाले. भारतीय मानक आयएस २८७ तर हवेच्या आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडते आणि कोणत्या विभागात लाकडात किती ओलावा चालेल ते ठरवून देते. बदलीच्या नोकरीत मुंबई-रत्नागिरीचे फर्निचर बंगळुरूला आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. समुद्रकाठचे कपाट इथल्या पहिल्या उन्हाळ्यात आकसणारच. त्याची दारे आल्या-आल्या तासून घेऊ नयेत.

रंग वाळला, पण पिकला नाही

हाताला कोरडा लागणारा रंग आतून तयार झालेला असतोच असे नाही. ऑइल पेंटमधला थिनर काही तासांत उडून जातो, पण त्यानंतर रंग हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू कडक होतो. थंड आणि दमट हवेत हे काम रेंगाळते. दार लावून ठेवले तर कडेपर्यंत हवाच पोचत नाही आणि नेमकी तिथेच कडकपणा यायला सर्वांत उशीर होतो. पाण्यात मिसळणाऱ्या रंगांचा प्रकार निराळा. त्यांतले राळेचे बारीक कण एकमेकांत मिसळून थर तयार होतो. तो तासाभरात कोरडा वाटतो, पण दोन-तीन आठवडे मऊ असतो. असे दोन मऊ थर दाबून ठेवले की ते एकमेकांना धरतात.

खूण सोपी आहे. दार घासत नाही, पण उघडताना चिटकन आवाज येतो आणि कडेवर रंग उचकटलेला दिसतो. इथे उपाय वाट पाहण्याचा. दारे आठ-पंधरा दिवस उघडी किंवा अर्धवट उघडी ठेवा. तेवढा धीर नसेल तर दार टेकते तिथे पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा घासा. रंग पूर्ण पिकल्यावर चौकटीला पातळ नमद्याच्या किंवा सिलिकॉनच्या टिकल्या लावा. त्या टेकल्या की दोन रंग एकमेकांना शिवत नाहीत.

बिजागरीचे म्हणणे ऐका

लावलेले दार हात सोडताच परत येत असेल, तर अडचण बहुधा बिजागरीच्या बाजूला असते. त्या बाजूची कड चौकटीवर आधी टेकते आणि दार पूर्ण लागण्यापूर्वीच उसळी घेते. पुढची कड कितीही तासली तरी फरक पडत नाही. दार उतरवताना-चढवताना बिजागरी खाचेत जास्त आत गेलेली असते, किंवा त्या कडेवर रंग साचलेला असतो. साचलेला रंग काढा. तरी भागले नाही तर बिजागरीच्या पात्यामागे जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालून स्क्रू पुन्हा आवळा. दार चौकटीपासून तेवढे दूर होते.

दाराचा मोकळा कोपरा खाली झुकून तळपट्टीला घासत असेल, तर आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू पाहा. ते फिरत राहत असतील तर भोक मोठे झाले आहे. आगकाडीचे किंवा बांबूचे तुकडे लाकडाच्या गोंदात बुडवून भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या आणि स्क्रू पुन्हा पिळा. तरीही कोपरा झुकलेला असेल, तर खालच्या बिजागरीमागे पुठ्ठा घाला. दाराचा खालचा भाग बाहेर सरकतो आणि मोकळा कोपरा वर उचलला जातो.

अलीकडच्या मॉड्युलर कपाटांत ३५ मिलिमीटर वाटीची ऑटो हिंज असते. हिच्यात दार सरकवायची सोय मुळातच दिलेली असते. पुढचा स्क्रू दाराला डावी-उजवीकडे नेतो, मागचा स्क्रू आत-बाहेर नेतो आणि हिंजेच्या तळपट्टीचे स्क्रू सैल केले की दार वर-खाली होते. रंगकामात बहुतेक वेळा या स्क्रूंच्या खाचा रंगाने भरतात. सुईने त्या आधी साफ करा, नाहीतर स्क्रूचे डोके झिजते. एका वेळी अर्धाच फेरा द्या, दार लावून पाहा आणि दोन्ही हिंजना सारखीच वागणूक द्या. हिंजेच्या आतच रंग गेला असेल, तर खरवडत बसू नका, नवी घाला. वाटीचे भोक प्रमाणित मापाचे असते, पण जुनी हिंज नमुना म्हणून बरोबर न्या, कारण झिरो, आठ आणि पंधरा क्रँकच्या हिंज एकमेकींच्या जागी चालत नाहीत. के. आर. मार्केटजवळच्या एसजेपी रोडवर या सगळ्या मिळतात.

दारे उतरवून रंगवली असतील तर आणखी एक गोष्ट तपासा : डावी झडप उजवीकडे तर गेली नाही ना? दिसायला सारख्या असल्या तरी सुताराने प्रत्येक झडप तिच्या जागेपुरती बसवलेली असते.

कपाट जागचे हलले का?

भिंत रंगवायला कपाट पुढे ओढले जाते आणि मग परत ढकलले जाते. जुन्या घरांची फरशी सरळ नसते. कपाट आधी ज्या पाचरीवर तोललेले होते, ती केरात गेलेली असते. एक पाय खाली गेला की अख्खी चौकट तिरकी होते आणि दोन्ही दारे एकमेकांच्या वर-खाली दिसू लागतात. पोलादी कपाटात तर याच कारणाने कुलूपच फिरत नाही. चौकट गुण्यात आहे का हे पाहायला दोरी पुरे. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर आणि उलट कर्णाचे अंतर मोजा. ही दोन मापे सारखी असली पाहिजेत. नसतील तर कपाट रिकामे करून योग्य पायाखाली पाचर घाला. इथे दाराला हातही लावावा लागत नाही.

नेमके कुठे घासते?

बैठक आणि बिजागरी ठीक असूनही दार अडत असेल, तर घासण्याची जागा शोधा. कार्बन पेपरची पट्टी रंगीत बाजू दाराकडे करून फटीत धरा आणि दार लावा. जिथे ठसा उमटतो तिथेच दार अडते. कार्बन पेपर नसेल तर चौकटीवर खडू फिरवा. फट मोजायलाही विकतचे साधन लागत नाही. छपाईचा साधा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. त्याच्या दहा पट्ट्या एकत्र धरल्या की एक मिलिमीटर. कडेभर ही गड्डी फिरवली की कुठे फट आहे आणि कुठे नाही हे स्पष्ट कळते. बहुतेक वेळा संपूर्ण कड अडत नाही, दोन-तीन बोटांच्या जागेत रंगाचा ओघळ किंवा लांबीचा उंचवटा असतो. तेवढाच काढायचा. त्यासाठी २२० नंबरचा वॉटर पेपर सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळा, पाण्यात ओला करा आणि थोडे घासून पुन्हा मोजा.

जुना रंग कोरडा घासू नका

ओल्या कागदाचा हा आग्रह जिवाच्या काळजीचा आहे. भारतात घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे हा नियम १ नोव्हेंबर २०१६ रोजी अधिसूचित झाला आणि वर्षभराने लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः भडक पिवळ्या, नारिंगी, लाल आणि हिरव्या छटांत, शिसे भरपूर असू शकते. दार कोरडे घासले की ते बारीक धूळ होऊन फरशीवर बसते, आणि फरशीवर रांगणारे मूल तीच धूळ हाताने तोंडात घालते. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाव घालते, आणि रक्तातले त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही.

हा धोका देशाच्या नजरेस आणून देण्यात बंगळुरूचा मोठा वाटा आहे. इथल्या जॉर्ज फाउंडेशनने नव्वदच्या दशकात देशातल्या मोठ्या शहरांत रक्ततपासण्या केल्या. तपासलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांच्या रक्तात शिसे दर डेसिलीटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर आढळले. फेब्रुवारी १९९९ मध्ये याच शहरात शिशाच्या विषबाधेवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. या कामातले प्रमुख शास्त्रज्ञ डॉ. थुप्पिल वेंकटेश सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि तिथेच पुढे शिशाविषयीचे राष्ट्रीय संदर्भ केंद्र उभे राहिले.

म्हणून रंग २०१७ किंवा त्याआधीचा असेल, तर त्यात शिसे आहे असेच समजून चाला. मुलांना आणि गरोदर स्त्रियांना कामाच्या खोलीत येऊ देऊ नका. खाली प्लास्टिक अंथरा, घासताना पृष्ठभाग ओला ठेवा, बारीक धूळ अडवणारा मास्क लावा. जुना रंग बत्तीने जाळून काढायला स्पष्ट नकार द्या, त्याचा धूर घातक असतो. काम झाल्यावर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके टाकून द्या. यंत्राने कोरडे घासून अर्ध्या तासात काम उरकून देणारा कारागीर स्वस्त वाटतो, पण त्याच्या फुप्फुसांसाठी आणि तुमच्या मुलांसाठी तो सौदा महागाचा आहे.

पुढच्या वेळी

शक्य असेल तर लाकडी सामान जानेवारी ते मार्च या काळात रंगवा. लाकूड तेव्हा आकसलेले असते, रंग लवकर पिकतो आणि दारे उघडी ठेवता येतात. रंगाऱ्याशी दर ठरवतानाच चार गोष्टी सांगून ठेवा : दारे उतरवण्याआधी प्रत्येकाच्या आत पेन्सिलीने क्रमांक घाला, बिजागऱ्या काढा किंवा चिकटपट्टीने झाका, कडेवरचा जुना थर खरवडल्याशिवाय नवा देऊ नका, आणि कडांना लांबी लावू नका. सणाच्या आधी रंग द्यायचाच असेल तर कडांवर एकच पातळ हात पुरे.

यातूनही दार अडलेच तर आधी पंधरा दिवस वाट पाहा, मग बैठक, मग बिजागरी, मग रंगाचा उंचवटा, याच क्रमाने जा. एवढे करून ते फेब्रुवारी-मार्चमध्येही अडत असेल, तरच सुताराला रंधा मारायला सांगा आणि उघड्या पडलेल्या कडेला लगेच रंगाचा एक हात द्या. पावसाळ्यात तासलेले लाकूड उन्हाळ्यात परत वाढत नाही. रंधा हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.